काउंट आर्कोसाहेबांस जाहीर आभारपत्र

मा. काउंट कार्ल आर्कोसाहेब,
साल्झबर्गच्या आर्चबिशपांचे दरबारी, मुक्काम व्हिएन्ना

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, 8 जून 1781 रोजी आपण व्होल्फगांग मोझार्ट नामक नोकराच्या पार्श्वभागावर लाथ हाणून त्याला दाराबाहेर काढलंत, त्याबद्दल आपले रीतसर आभार कुणी मानल्याचं ऐकिवात नाही. म्युनिकहून एका दिवसात साल्झबर्ग ‘करून’ आलेल्या आमच्या बसतर्फे ते काम मी अंगावर घेतलं आहे.

दोष आपला नव्हताच. माणूसच तक्रारखोर. आर्चबिशप कोलोरेडोंनी त्याला व्हिएन्नात पंगतीला कुठे बसवलं, तर खिदमतगारांच्या खाली आणि आचाऱ्यांच्या वर. त्याच पंगतीत दरबारचा मिठाईवालाही होता. यावर समाधान मानायचं सोडून यानं वडिलांना खोचक पत्र धाडलं. साल्झबर्गला ऑर्गन वाजवायचे वर्षाला 450 गुल्डन मिळत होते, तरी राजीनाम्याचा अर्ज घेऊन आपल्या दारी खेटे घालत राहिला. आपण वडीलकीच्या नात्यानं समजावलंतही, की बाबा रे, व्हिएन्नाचे लोक चार महिने डोक्यावर घेतात, मग त्यांना नवीन कुणीतरी लागतं. हे आपलं म्हणणं पुढे बरंचसं खरं झालं. शेवटच्या वर्षांत तो मित्राकडे उसने पैसे मागत होता. पण त्या दिवशी ऐकेना, म्हणून मग लाथ.

लाथ मारीन तिथे पाणी काढीन, असं म्हणणारे पुष्कळ. आपण काढून दाखवलंत, आणि साल्झबर्गचं ते पाणी अजून आटलेलं नाही.

गेट्राइडेगासे या अरुंद गल्लीत, दुकानांच्या नक्षीदार लोखंडी पाट्यांखाली, 9 नंबरचं पिवळं घर आहे. याच्या तिसऱ्या मजल्यावर 27 जानेवारी 1756 ला तो जन्मला. वर त्याचं लहानपणीचं व्हायोलिन ठेवलंय, इतकं चिमुकलं की आमच्यातल्या एका आजोबांनी ते खरंच वाजतं का, असं विचारलं. गाइडबाईंनी हो म्हटलं आणि घड्याळ दाखवलं. खाली फोटोसाठी रांग होती. रांगेतल्या निम्म्यांनी मोझार्टची एक ओळ ऐकलेली नसावी, आणि शहरानेही तशी काही सक्ती ठेवलेली नाही.

खरी गर्दी मिराबेल बागेत. ‘साउंड ऑफ म्युझिक’ (1965) मधली मुलं ज्या पायऱ्यांवर सा-रे-ग-म शिकली, तिथे आमच्या बसमधल्या सगळ्या वयाच्या मुली चढल्या-उतरल्या. एका काकांनी त्याच धर्तीच्या ‘परिचय’ सिनेमाचा आणि जितेंद्रचा विषय काढला आणि तो आटपेपर्यंत मोझार्टच्या वाटणीची वेळ संपली. इथल्या डोम कॅथेड्रलमधल्या ज्या कुंडावर त्याचा बाप्तिस्मा झाला, ते आम्ही चालता चालता पाहिलं. चौकातला त्याचा पुतळा 1842 चा, म्हणजे तो गेल्यावर 51 वर्षांनी शहराला जाग आली. अनावरणाला त्याचे दोन्ही मुलगे हजर होते. बायको कॉन्स्टान्झ त्याच वर्षी, काही महिने आधी, याच शहरात वारली.

मग खरेदी. 1890 मध्ये पाउल फ्युर्स्ट या मिठाईवाल्यानं मोझार्टच्या नावाची गोळी काढली: मधोमध पिस्त्याचं हिरवं मार्झिपान, त्यावर नूगा, मग काडीला टोचून डार्क चॉकलेटमध्ये बुडवायची आणि काडीचं भोकही चॉकलेटनंच बुजवायचं. त्याच्या गोळ्या रुपेरी-निळ्या कागदातल्या, इतरांच्या कितीतरी. पंगतीत शेजारी बसलेल्या मिठाईवाल्याच्या जातभाईंनी एवढी उलाढाल केलेली पाहून आपल्याला भरून येईल. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे आधी उपटून फेकलं आणि मग पाकिटात घालून विकलं.

पण लाथेचा हिशेब एवढ्यावर मिटत नाही. आपण लाथ हाणली नसतीत, उलट मायेनं त्याच्या पाठीवर हात फिरवला असतात, तर तो साल्झबर्गला परतला असता, आर्चबिशपना आवडतील अशा आटोपशीर प्रार्थना बांधत बसला असता. 1786 चा ‘फिगारो’, ज्यात नोकर मिळून एका काउंटची भर घरात फजिती करतात, तो कदाचित सुचलाच नसता. (काउंटच का, हे मी आपल्याला विचारणार नाही.) 1788 ची चाळीसावी सिंफनीही नसती. मग सलील चौधरींनी तिच्या सुरांवरून 1961 च्या ‘छाया’मध्ये तलत आणि लताबाईंना काय दिलं असतं? परतीच्या बसमध्ये अंताक्षरीत ‘इ’ आला, तेव्हा मागून एका मावशींनी तेच गाणं धरलं. संगीताच्या शहराच्या दिवसभराच्या सहलीत मोझार्ट म्हणून आमच्या कानावर पडला तो एवढाच.

तेव्हा विनंती अशी, की साल्झबर्गात आपलाही एक पुतळा व्हावा. एक पाय उचललेला. जागा बसथांब्याची, तिथे आम्ही वेळेच्या आधी पोहोचून ताटकळत असतोच, निवांत पाहून होईल.

कळावे,
आपला,
मागच्या बाकावरचा एक प्रवासी

ता. क. आर्चबिशपसाहेब भेटले तर नमस्कार सांगावा. फ्रेंच सैन्य आलं तेव्हा 1800 मध्ये तेही साल्झबर्ग सोडून व्हिएन्नालाच गेले आणि 1812 मध्ये तिथेच वारले. त्यांच्या नावाची गोळी आम्हाला कुठल्याही दुकानात मिळाली नाही.