कामचुकारांचा भक्त

गहाळराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव अस्सल इंग्रजी आहे, पण त्यांच्या जातकुळीची माणसं इंग्लंडात इतकी आहेत की एकाचं नाव छापलं तर बाकीचे रुसतील. वय साठीच्या पुढे, नोकरीतून निवृत्त, हातात छत्री आणि कोटाच्या आतल्या खिशात घडी घातलेली यादी. यादी आहे ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथांच्या मालिकेच्या हरवलेल्या भागांची. ती त्यांना तोंडपाठ आहे, पण कागद जवळ असलेला बरा.

स्वभावाने कमालीचे शिस्तीचे. बस दोन मिनिटं उशिरा आली की बसवाल्यांना पत्र जातं. शेजाऱ्याने कचऱ्याचा डबा भलत्याच वारी बाहेर ठेवला की दाराखालून चिठ्ठी सरकते. असा हा माणूस रोज रात्री देवाकडे मागणं मागतो ते एवढंच: १९७० च्या सुमारास, जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या टेलिव्हिजन केंद्रात, एखाद्या कारकुनाने सांगितलेलं काम केलेलं नसू दे.

याला इतिहास आहे, आणि तो तुम्ही विचारा न विचारा, सांगितला जातोच. मालिका सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ ला. बीबीसी तिचे भाग व्हिडिओटेपवर घेई. टेप महाग, शिवाय पुसून पुन्हा वापरता येणारी. जुना भाग परत दाखवायचा म्हटलं तर कलावंतांच्या संघटनेबरोबरच्या कराराच्या अटी आड यायच्या. मग ठेवायची कशाला? पुसा आणि कामाला लावा! पण परदेशी गिऱ्हाइकांसाठी आधी एक सोय केलेली असे. टेलिव्हिजनच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून १६ मिलिमीटरची फिल्म काढायची, तिच्या प्रती डब्यांत भरायच्या आणि देशोदेशी धाडायच्या. पहिला मान सप्टेंबर १९६४ मध्ये न्यूझीलंडने पटकावला. पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा, मग नायजेरिया, सिंगापूर, हाँगकाँग, सायप्रस, झांबिया. साम्राज्य मावळत होतं, पण डबे जुन्याच वाटांनी फिरत होते.

इथे गहाळरावांचा आवाज घोगरा होतो. प्रत्येक देशाला कोरी प्रत मिळत नसे. एकाचं दाखवून झालं की तेच डबे पुढच्याकडे जायचे. मुदत संपली की केंद्रापुढे मार्ग तीन: डबे पुढे पाठवा, लंडनला परत करा, नाहीतर नष्ट करून तसा दाखला धाडा. इकडे लंडनमध्येही विक्रीचे हक्क संपले म्हणून फिल्मच्या प्रती निकालात काढणं १९७८ पर्यंत चाललं होतं. सगळं कसं नियमाप्रमाणे, रीतसर! पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले, त्यांतले शंभराच्या आसपास या रीतसरपणात गेले.

“आणि जे वाचले,” गहाळराव बोट वर करून म्हणतात, “त्यांतले कितीतरी कुणाच्या तरी आळसामुळे वाचले.”

त्या आळशांची ते मनोमन पूजा करतात. १९८० च्या दशकात सायप्रसहून फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या कथेचे भाग मिळाले, नायजेरियातूनही काही आले. १९९२ मध्ये ‘टूम ऑफ द सायबरमेन’ ही कथा हाँगकाँगहून चारही भागांसकट परतली. पण खरं कीर्तन रंगतं ते जोसचं. नायजेरियातलं जोस हे गाव. तिथल्या रिले केंद्राच्या कोठीत फिलिप मॉरिस नावाच्या शोधकाने धूळ खात पडलेल्या डब्यांवरची चिकटपट्टी पुसली, तर खाली मालिकेचं नाव! ऑक्टोबर २०१३ मध्ये बातमी फुटली. दोन कथांचे मिळून नऊ हरवलेले भाग हाती लागले होते. त्यातली एक लंडनच्या भुयारी रेल्वेत यती, म्हणजे हिममानव, शिरतात ती. “विचार करा,” गहाळराव म्हणतात, “चाळीसेक वर्षं ती कोठी कुणी साफ केली नाही!” हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही दिसत नाही. मी पाहिलाय तो फोटो.

त्यांच्या देव्हाऱ्यात ऑस्ट्रेलियाचा सेन्सॉरही आहे, पण जरा वेगळ्या पाटावर. मुलं घाबरतील म्हणून ऑस्ट्रेलियात सेन्सॉरने कात्री चालवली आणि कापलेले तुकडे सरकारी शिरस्त्याप्रमाणे जपून ठेवले. पुढे भाग गेले, तुकडे राहिले. १९९६ मध्ये ते तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडले. एका कथेत दोन सभ्य गृहस्थ तोंडाचा आ वासून विषारी वायू सोडतात. ती अख्खी कथा नाहीशी झाली आहे. हा प्रसंग मात्र शाबूत, कारण तो दाखवण्याच्या लायकीचा नाही असं एका अधिकाऱ्याने ठरवलं होतं. गहाळरावांना त्याचं एकच दुःख आहे: “जरा आणखी सोवळा असता, तर पूर्ण भागच कापला असता!”

आमची ओळख झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारण्याआधी विचारलं, “भारतातले का? तुमच्या घरातलं कुणी त्या काळात आफ्रिकेत नोकरीला होतं?”

“मामा होते झांबियात. शाळेत गणित शिकवायचे.”

“टेलिव्हिजन केंद्राच्या जवळ राहायचे?”

“कल्पना नाही.”

“परत येताना सामानात काही गोल, चपटे डबे?”

“एक डबा होता. मामी त्यात शंकरपाळे ठेवते.”

गहाळराव खुर्चीच्या टोकावर आले. “व्यास किती?”

मामीला पुण्यात फोन करून मला तो डबा मोजायला लावावा लागला. बिस्किटांचा निघाला. तरीही झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो त्यांनी मागवून घेतलाच.

मी भारतातला, म्हणून माझा मान राखायला ते वारंवार सांगतात की मालिकेच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. पुढे ‘मार्को पोलो’चे बहुतेक भागही त्यांनीच केले. सात भागांची कथा, पुष्कळ देशांत विकली गेलेली, आणि आज एकही भाग शिल्लक नाही. “इतक्या देशांत गेली,” गहाळराव कपाळाला हात लावतात, “आणि त्या सगळ्या देशांत एकही बेजबाबदार माणूस नव्हता?”

आवाज मात्र सगळ्या हरवलेल्या भागांचे उपलब्ध आहेत, कारण तेव्हाच्या पोरांनी टेलिव्हिजनसमोर टेपरेकॉर्डर धरून ते उतरवून घेतले होते. गहाळराव ते ऐकत बसतात. अंधारात दार करकरतं, कुणीतरी किंचाळतं, मग बराच वेळ पावलं वाजत राहतात. पडद्यावर काय चाललं होतं ते कुणाला दिसत नाही, त्यामुळे ते फार उत्कृष्ट होतं यावर त्यांचा ठाम विश्वास आहे.

“मग शिल्लक आहेत ते भाग बघ ना,” त्यांच्या बाईसाहेब म्हणतात. “दीडशेच्या वर आहेत.”

“ते काय, आहेतच.”

जोसचे नऊ भाग बाजारात आले तेव्हा त्यांनी ते पहिल्याच दिवशी विकत आणले, एका बैठकीत पाहिले आणि संध्याकाळी पडेल चेहऱ्याने बागेत फिरत बसले. बाईसाहेबांना काळजी वाटली. यादीतल्या नऊ ओळी खोडाव्या लागल्या होत्या, ९७ च उरल्या होत्या. रात्री मात्र त्यांना आठवलं की यतींच्या कथेचा तिसरा भाग मिळालेला नाही, आणि त्यांनी सूप मागून घेतलं.

मध्यंतरी एका दूरच्या केंद्राला त्यांनी सविस्तर पत्र लिहिलं होतं. अशा पत्रांना सहसा उत्तर येत नाही, आणि ते न येणं गहाळराव शुभशकुन मानतात: ज्यांना पत्राचं उत्तर द्यायचा कंटाळा, त्यांनी डबे कशाला जाळले असतील? पण या वेळी आठवड्याभरात उत्तर आलं, तेही जुन्या नोंदवहीच्या पानाच्या छायाप्रतीसह. डब्यांची संख्या, नष्ट केल्याची तारीख, अधिकाऱ्याची सही, साक्षीदाराची सही, शिक्का.

मी गेलो तेव्हा ते पान टेबलावर होतं. “बघा,” ते विषण्णपणे म्हणाले, “कसला हा काटेकोरपणा! अशा लोकांमुळेच संस्कृती बुडते.”

चहा येईपर्यंत ते भिंग घेऊन त्या पानावर वाकलेले होते. मग हळूहळू ताठ झाले.

“दोन्ही सह्या एकाच शाईच्या आहेत.”

“मग?”

“साक्षीदार तिथे हजर नव्हता! अधिकाऱ्याने नंतर त्याच्या टेबलावर नेऊन सही घेतली असणार. न बघता सही करणारा माणूस!” त्यांचे डोळे भरून आले. “देवमाणूस!”

कपाटातून त्यांनी एक कोरं कार्ड काढलं आणि त्यावर त्या साक्षीदाराचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. सध्या त्याच्या वारसांचा शोध चालू आहे.