माननीय ग्रामसभेस, आपल्या नकाराबाबत

प्रति,
माननीय ग्रामसभा,
सर्व अनुसूचित क्षेत्रे
(मुक्काम डोंगरावर, पोस्ट खनिजाच्या साठ्यावर)

विषय : आपण वेळोवेळी देत असलेल्या नकाराबाबत.
संदर्भ : १) पेसा कायदा, १९९६. २) वनहक्क कायदा, २००६. ३) सर्वोच्च न्यायालयाचा नियमगिरी निकाल, १८ एप्रिल २०१३.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून प्रथम हे नमूद करणे आवश्यक आहे की, आपल्याविषयी सर्व स्तरांवर नितांत आदर आहे. जनजातीय गौरव दिनाच्या फलकांवर आपण असता, मंत्रिमहोदयांच्या भाषणात ‘जल, जंगल, जमीन’ या शब्दांबरोबर आपले नाव हमखास येते, आणि पाहुणे आले की स्वागताला आपलेच ढोल लागतात. कायद्यानेही आपल्याला कमी दिलेले नाही. जमीन संपादण्यापूर्वी आपला सल्ला घ्यावा असे पेसा सांगतो. जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार वनहक्क कायदा देतो. तक्रार एवढीच आहे की, विचारलेला प्रश्न आपण खरा मानता आणि त्याचे उत्तरही देता.

याचा पहिला मोठा धक्का ओडिशात बसला. नियमगिरीच्या माथ्यावर सुमारे सात कोटी टन बॉक्साइट आहे आणि तिथेच डोंगरिया कोंध आदिवासींचा देव नियमराजाही आहे. खाणीचा निर्णय होण्याआधीच पायथ्याशी लांजिगडला अॅल्युमिनाचा कारखाना उभा राहिला होता. डोंगर मिळणारच, हे त्यात गृहीत होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र म्हटले की, इथल्या लोकांचे सामूहिक, सांस्कृतिक आणि धार्मिक हक्क बाधित होतात का, हे ग्रामसभांनी ठरवावे. नियमगिरीच्या अंगाखांद्यावर शंभरावर गावे आहेत. राज्य सरकारने त्यांतली बारा निवडली. निवड सरकारची, बंदोबस्त सरकारचा, आणि निरीक्षक म्हणून जिल्हा न्यायाधीश दर्जाचे अधिकारी. जुलै आणि ऑगस्ट २०१३ मध्ये सभा झाल्या आणि बारापैकी बारा गावांनी नाही म्हटले. एखाददुसऱ्या गावाने तरी शिष्टाचार म्हणून हो म्हणायला हवे होते. जानेवारी २०१४ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्प नाकारला. ओडिशाच्या खाण महामंडळाने २०१६ मध्ये याच सभा पुन्हा घेऊ द्या म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले, पण तिथेही ऐकून घेतले गेले नाही. हो आले असते तर ते पुन्हा तपासून पाहण्याची विनंती कोणी केली असती का, हा प्रश्न आपण मनात आणू नये.

नियमगिरीतून शासनव्यवस्था बरेच शिकली. आपला अधिकार रद्द करणे गैरसोयीचे आहे, कारण त्याने मथळे होतात. त्यापेक्षा आपल्याला कधी विचारायचे, कुठे विचारायचे आणि आपल्या उत्तराने काय बिघडेल, एवढेच बदलले की पुरते. ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकानुसार वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवण्याच्या प्रस्तावासोबत ग्रामसभेची संमती जोडणे आवश्यक होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये, म्हणजे नियमगिरीचा निकाल येण्याच्या दोन महिने आधी, रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा रेषेत जाणाऱ्या प्रकल्पांना त्यातून वगळले गेले. रेष जंगलातून गेली तरी ती जंगलाला लागत नसावी. खरी कारागिरी जून २०२२ च्या वनसंवर्धन नियमांत दिसली. आता केंद्र अंतिम मान्यता देऊ शकते, आणि वनहक्कांची पूर्तता झाली की नाही हे त्यानंतर राज्याने पाहायचे. मंत्रालयाचे म्हणणे असे की, यात आपला कुठलाही हक्क कमी झालेला नाही, कारण वनहक्क कायदा वेगळा असून तो जागच्या जागी आहे. हे अक्षरशः खरे आहे. फक्त आपल्यासमोर कागद येईल तेव्हा दिल्लीची मोहोर उमटलेली असेल, भरपाई वनीकरणाचे पैसे भरलेले असतील आणि राज्य सरकारच्या हातात नाकारण्याचे धैर्य सोडून सगळे असेल. अक्षता पडल्यावर मुलीला पसंती विचारावी, तसा हा मान आहे. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये हे नियम स्थगित ठेवण्याची शिफारस केली तीही याच काळजीपोटी. आयोग घटनात्मक असल्याने त्याच्या पत्राची पोच मिळाली असावी.

वेळेसारखेच ठिकाणाचे. पर्यावरणीय मान्यतेसाठीची जनसुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ घ्यावी, असे २००६ ची अधिसूचना सांगते. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या लोहखनिजाचे उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर न्यायचे होते. त्याची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीला, जिल्ह्याच्या ठिकाणी, पोलीस बंदोबस्तात झाली. सूरजागडहून गडचिरोली शंभर किलोमीटरहून लांब आहे. ज्या माडिया माणसाच्या पाड्याजवळून खनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावतात, त्याने आपला दिवसाचा रोजगार बुडवून, मिळेल त्या गाडीने जिल्ह्याला जायचे, आणि दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या माइकवर, दोन मिनिटांत ठाकूरदेवाच्या पहाडाबद्दल सांगायचे. जवळ म्हणजे किती जवळ हे अधिसूचनेत लिहिलेले नाही. नकाशा पुरेसा लहान घेतला तर गडचिरोलीही जवळच दिसते. आणि एवढे करूनही जनसुनावणी म्हणजे आपली संमती नव्हे. तिथे मते नोंदवली जातात, मोजली जात नाहीत.

एवढ्यावरही काही गावांनी हक्क वापरलाच, तर त्याचाही अनुभव गाठीशी आहे. छत्तीसगडमध्ये हसदेवच्या जंगलातल्या घाटबर्रा गावाला २०१३ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जानेवारी २०१६ मध्ये तो रद्द झाला. कारण असे दिले गेले की, गावकरी या हक्काच्या आधारे कोळसा खाणीच्या कामात अडथळा आणतात. वनहक्क कायद्यात दिलेला हक्क असा काढून घेण्याची तरतूद नाही, पण ती त्रुटी एका आदेशाने भरून काढण्यात आली. या आदेशाचा प्रामाणिकपणा खरोखर वाखाणण्यासारखा आहे. हक्क पत्र्याच्या पेटीत गुंडाळून ठेवला असता तर तो आजही शाबूत असता.

आता आपल्या विरोधात केल्या जाणाऱ्या युक्तिवादांकडे वळू, कारण ते सगळेच टाकाऊ नाहीत. पहिला : जमिनीखालचे खनिज देशाचे, ते मूठभरांनी कसे अडवावे? डोंगरिया कोंध जेमतेम काही हजार आणि देश एकशे चाळीस कोटींचा, हे गणित ऐकायला भारी वाटते. पण जमिनीखालचे सगळे आपोआप सरकारचे, हे आपण समजतो तितके सरळ नाही. केरळमधल्या जमीनमालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्येच म्हटले की, खनिजाची मालकी साधारणपणे जमिनीच्या मालकीबरोबर जाते, ती काढून घ्यायची तर तसा वैध कायदा लागतो. दुसरे, मूठभरांची संमती हा काही जंगलातला विक्षिप्त हट्ट नव्हे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, सरकारी-खासगी भागीदारी असेल तर ७० टक्के. एखाद्या शहरालगतचा बागायतदार ही संमती रोखून धरतो, तेव्हा त्याला कोणी देशद्रोही म्हणत नाही. उलट भाव चांगला वाढवून घेतला म्हणून गावात कौतुक होते. ज्या कायद्याने कोळशासाठी जमीन घेतली जाते, तो १९५७ चा कायदा मात्र या संमतीच्या तरतुदीतून वगळलेला आहे. भरपाईचे नियम त्याला पुढे लागू झाले, संमतीचे झाले नाहीत. कोळसा बहुतेक कुठल्या लोकांच्या पायाखाली सापडतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि गडचिरोलीत तो हसण्यावारी नेता येत नाही. गावाचे म्हणणे खरेच गावाचे असते का? एकीकडे बंदूक, दुसरीकडे बंदूक, मध्येच एखादी संस्था, एखादा पुढारी, एखादा ठेकेदार. दबावाखाली दिलेला नकार ग्राह्य धरू नये हे मान्य. मग दबावाखाली दिलेल्या होकारालाही तोच न्याय हवा. सशस्त्र बंदोबस्तात घेतलेला ठराव मंजूर झाला की ती लोकेच्छा, आणि नामंजूर झाला की फूस, असे दोन तराजू एका दुकानात चालत नाहीत. सभेत मोजकेच लोक बोलतात, बायका मागे बसतात, हेही खरे असते. म्हणूनच वनहक्क नियमांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. ज्या लोकसभेत आपल्या जंगलांचे कायदे होतात, तिची गणपूर्ती एक दशांश आहे.

राहता राहिला विकास. लोखंड लागते, अॅल्युमिनियम लागते, हे पत्र ज्या यंत्रावर लिहिले आहे त्यातही ते आहेच. ते नाकारणे ढोंग होईल. पण नियमगिरीला नकार मिळाला म्हणून लांजिगडचा कारखाना गंजला नाही. तो दुसरीकडून बॉक्साइट आणून चालू राहिला आणि पुढे वाढलाही. नकाराने त्यांना महाग पडले असेल, अडले नाही. शिवाय आपण प्रत्येक वेळी नाहीच म्हणता, ही आपल्याविषयीची सर्वांत सोयीची अफवा आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचेच पाहा. सुमारे अठराशे हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला तो २००९ मध्ये. त्यांना बांबू राखायचाही होता, तोडायचाही आणि विकायचाही. वनहक्क कायद्याच्या गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू स्पष्ट लिहिलेला असूनही वनखाते त्याला इमारती लाकूडच मानत राहिले. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात येऊन वाहतूक पासाचे पुस्तक देऊन गेले, तेव्हा कुठे गावाचा बांबू गावाच्या नावाने बाहेर पडला. म्हणजे धंद्याला हो म्हणणाऱ्या गावाला दोन वर्षे खाते नाही म्हणत होते. नैसर्गिक साधने वापरायला आपला विरोध नसतो. आक्षेप कोणी, किती आणि कोणाला विचारून, यावर असतो. नेमके तेच तीन प्रश्न प्रकल्प अहवालात सर्वांत मागच्या परिशिष्टात असतात.

तरी वरील सर्व बाबींचा विचार करता आपणास विनंती की, यापुढील ठरावांसाठी सोबत जोडलेला नमुनाच वापरावा. प्रकल्पाचे नाव, क्षेत्र आणि केंद्राच्या अंतिम मान्यतेचा क्रमांक हे तपशील आधीच छापलेले आहेत. सभेची तारीख कोरी आहे, ती आम्ही नंतर भरून घेऊ. अंगठ्यांसाठी भरपूर जागा सोडली आहे. ‘नामंजूर’ असा रकाना पहिल्या मसुद्यात होता. छपाईचा खर्च वाचवण्यासाठी तो काढून टाकण्यात आला आहे.

आपला नम्र,
एक विकासप्रेमी नागरिक

प्रत माहितीस्तव सविनय सादर :
१) नियमराजा, नियमगिरी
२) ठाकूरदेव, सूरजागड (सध्याचा पत्ता तपासून घ्यावा)