दोन इंच उंच

नवी थार दारात आली की आधी पेढे, मग लिफ्ट किट. कंपनीने दिलेला २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स बाणेरच्या स्पीडब्रेकरांना पुरून उरतो, पण सोसायटीच्या नजरेत भरत नाही. म्हणून दोन इंचांची लिफ्ट, वर ३३ इंची मड टायर.

गंमत अशी की लिफ्टने बॉडी वर जाते. मागच्या अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा, जो दगडावर आधी आपटतो, तो होता तिथेच राहतो. त्याला उचलतो मोठा टायर, तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानेच. गॅरेजवाल्याला हे ठाऊक असतं. पण विचारतो कोण? गुरुत्वमध्य मात्र इमानेइतबारे वर सरकतो, ताम्हिणीच्या वळणांवर गाडी झुलते, स्पीडोमीटर वेग कमी सांगतो, आणि आजीला आत चढायला पाट लागतो. डांबरावर टायर इतके घोंगावतात की मागून आलेलं 'हळू चालव रे' पुढे पोचतच नाही. गाडीतल्या असल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तर कुणाच्या गावीही नसतं.

चिखलात मूळ टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली, तरी नवशिक्याचं बरंचसं काम भागतं, तेही फुकटात. पण हवा सोडलेला टायर फोटोत पंक्चर दिसतो ना!