हळद पाण्यात विरघळवा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून ढवळा. पाणी पिवळंधमक झालं? अभिनंदन! विरघळलेलं जवळपास काहीच नाही. तासाभराने तळ पाहा, हळद खाली बसलेली दिसेल. आपल्याला विरघळवायचं आहे ते हळदीत जेमतेम 2 ते 5 टक्के असणारं कर्क्युमिन, आणि त्याचं पाण्याशी हाडवैर आहे.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो : आणखी बारीक कुटा. कण लहान झाले की विरघळण्याचा वेग वाढतो, विरघळण्याची मर्यादा मात्र जिथल्या तिथे. म्हणजे जे आठवडाभरात विरघळलं नसतं, ते आता तासाभरात विरघळणार नाही. नॅनोमीटरपर्यंत दळलंत तर मर्यादाही थोडी सरकते, पण ते कण लगेच एकमेकांना बिलगायला बघतात.

मग सोडा घाला. द्रावण लालबुंद होईल, कर्क्युमिन खरोखर विरघळेल आणि विरघळता विरघळताच मोडेल. एवढंही लांब जायला नको : शरीराच्या तापमानाला, 7.2 पीएचच्या साध्या बफरमध्येही अर्ध्या तासात सुमारे 90 टक्के कर्क्युमिन संपतं. हळदीला चुना लावून कुंकू करायचं असेल तर ही पद्धत उत्तम.

अल्कोहोलमध्ये किंवा डीएमएसओमध्ये ते छान विरघळतं. हे द्रावण पाण्यात ओतलं की पुन्हा साका. गाईडना दाखवायचं असेल तर ओतण्याआधी दाखवा.

खरी गंमत सायक्लोडेक्स्ट्रिनची. बीटा प्रकारात ग्लुकोजच्या सात रेणूंचं कडं असतं. बाहेरून पाण्याशी गोड, आतून तुटक. त्या पोकळीत कर्क्युमिन शिरतं. फक्त दोन अडचणी. रेणूला रेणू धरला तरी एक ग्रॅम कर्क्युमिनमागे तीन ग्रॅम कडी लागतात. शिवाय हे बीटा महाशय स्वतःच पाण्यात नीट विरघळत नाहीत : 25 अंशांना 100 मिलिलीटरमध्ये दोन ग्रॅमसुद्धा नाही! म्हणून आधी त्यांनाच हायड्रॉक्सिप्रोपिल गट जोडून विद्राव्य करावं लागतं. म्हणजे विरघळवणाऱ्याला विरघळवण्याचा वेगळा खर्च. अनुदानाच्या अर्जात तो दाखवायला विसरू नका.

कुणीतरी मिरपूड घालायला सांगेलच. मिरीतलं पायपरिन कर्क्युमिनला शरीरात जास्त काळ टिकवतं. ग्लासात त्याचा उपयोग शून्य.

ॲप्रनवरचा डाग साबण लागताच लाल होईल, घाबरू नका. उन्हात वाळत घाला, प्रकाशाने कर्क्युमिन मोडून डाग फिका पडेल. नमुन्याची बाटली मात्र त्याच खिडकीत ठेवू नका.