अर्धा फेरा बाकी

कॉलेजात असताना मी सिंहगड पायथ्यापासून पाऊण तासात चढायचो. हे वाक्य मी घरात इतक्यांदा उच्चारलं आहे की आमची सहा वर्षांची थोरली आता ते माझ्या आधीच पुरं करते. त्यामुळे गेल्या ऑगस्टात आई जळगावहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात आलेली असताना मुलांना घेऊन ‘हाइक’ला जायची टूम माझ्याच डोक्यातून निघाली, आणि पुढे जे झालं त्याला मीच जबाबदार आहे. (हे शेवटचं बायकोच्या आग्रहावरून लिहिलं.)

आधी बेत होता बिग बेसिनचा. कॅलिफोर्नियातलं सर्वांत जुनं स्टेट पार्क, १९०२ सालचं. ऑगस्ट २०२० च्या वणव्यात ते होरपळलं. आता काळ्या पडलेल्या बुंध्यांना फुटलेली पालवी बघायला लोक जातात, पण गाडीच्या जागेचं आरक्षण आधी केलेलं बरं. ज्या घरात दुसरा मोजा किती वाजता सापडेल हे सांगता येत नाही, त्या घराने आरक्षणाच्या फंदात पडू नये. म्हणून मग फेल्टन गावाजवळचं हेन्री कॉवेल. रेडवूडच्या राईतून जाणारी गोल वाट, सव्वा किलोमीटरच्या आसपास, तीही सपाट. अंतर वाचून मला हसूच आलं. तरी घोट्यापर्यंतचे बूट आणि नळी लावलेली पाण्याची पिशवी मी चढवलीच. बाकीची सगळी मंडळी चपलांत.

पन्नासेक पावलं झाली असतील. तीन वर्षांचा धाकटा थांबला.

“बाबा, शू.”

“अरे, घरून निघताना केलीस ना?”

“ती घरची होती.”

यावर काय बोलणार? परत गेलो, परत आलो. तोवर आईने पहिल्याच बाकावर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि शेव मांडली होती. या डोंगरांतल्या पार्कांत खाऊचा कण सांडू नका असं बजावलेलं असतं. त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. कणांसाठी ‘जे’ नावाचे पक्षी गोळा होतात, आणि तेच पुढे मार्बल्ड मरलेट या दुर्मीळ समुद्रपक्ष्याची अंडी खातात. हा पक्षी पोट भरतो समुद्रावर आणि अंडं घालायला येतो या जुन्या झाडांच्या उंच फांद्यांवर. मी हे सांगितल्यावर आईचा चेहरा उजळला. चाळीस वर्षं ती घरादाराला “सांडू नका” म्हणत आली होती; आज पहिल्यांदा एक सरकार तिच्या बाजूने उभं राहिलं. तिने बाकाखालची शेव वेचून काढली, आमच्या आधी बसून गेलेल्यांच्या बिस्किटाच्या चुऱ्यासकट.

पुढे वाटेच्या कडेला तिला तीन-तीन पानांची झुडपं दिसली. “अगंबाई, बेल! उद्या श्रावणी सोमवार. महादेवाला वाहीन.” हात पुढे गेलासुद्धा. मी एवढ्या जोराने ओरडलो की पुढे चाललेला एक माणूस जागीच थबकला. ते पॉइझन ओक होतं. नुसतं अंगाला घासलं तरी दोन-दोन आठवडे खाज जात नाही. आईने हात मागे घेतला आणि म्हणाली, “तीन पानं देऊन असं वागायचं म्हणजे फसवणूकच की.”

मग आलं रेडवूडचं एक झाड. २७७ फूट उंच, वय अंदाजे १५०० वर्षं. कुतुबमिनार २३८ फूट, म्हणजे त्यालाही वर मान करावी लागेल. मी आवाज खाली आणून हे सगळं सांगत होतो आणि दोन्ही मुलं पालथी पडून जमीन बघत होती. जगात सर्वांत उंच वाढणाऱ्या या जातीचं बोंड आवळ्याएवढंही नसतं, आणि त्यांना तेच हवं होतं. खिसे भरले. इथली वस्तू घरी नेता येत नाही म्हटल्यावर खिसे रिकामे झाले. त्यात माझी गाडीची किल्लीही निघाली.

एका जागी जुन्या खोडाभोवती गोल कोंडाळं करून उभी राहिलेली झाडं होती. मी घसा खाकरला; रात्री खास वाचून आलो होतो. आई म्हणाली, “हे मुनवे. केळीला येतात तसे. आई गेली की भोवती पोरं उभी राहतात.” माझं व्याख्यान तिथेच संपलं. तरी एक पत्ता उरला होता. या राईत पांढरा रेडवूडही आहे. पानांत हरितद्रव्य नाही, स्वतःचं अन्न करता येत नाही, शेजारच्या थोराच्या मुळांवर जगतो. “म्हणजे तुझा मामेभाऊ,” आई म्हणाली. “चला, बघू या.”

पण तेवढ्यात थोरली किंचाळली. वाटेच्या मधोमध गोगलगाय. पाठीवर शंख नाही, वीतभर लांब, पिवळीधम्मक, वर काळे ठिपके. इकडे तिला बनाना स्लग म्हणतात; सांताक्रूझच्या विद्यापीठाने १९८६ साली तिला आपलं अधिकृत मानचिन्ह केलं. जळगावच्या बाईला केळं म्हणजे काय ते सांगायची गरज पडली नाही. “पिकलं आहे,” एवढाच शेरा तिने दिला. धाकट्याला ती चाटून बघायची होती. हिच्या चिकट स्रावाने जीभ बधिर होते, हे कळल्यावर बायको क्षणभर विचारात पडल्यासारखी वाटली.

गोगलगाय वाट ओलांडत होती. थोरलीने दोन्ही हात पसरून वाहतूक अडवली. एक म्हातारं जोडपं थांबलं. घामाने निथळणारा एक धावपटू थांबला आणि जागच्या जागी पळत राहिला. मागून बाबागाडी आली, तीही थांबली. माझ्या घड्याळाने “तुमची हाइक संपली आहे का?” असं विचारलं. वीस मिनिटांनी गोगलगाय पलीकडे पोचली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी “चला पुढे” म्हणालो.

“आता ती परत येईल ना,” थोरली म्हणाली, “मग कोण थांबवणार सगळ्यांना?”

ती तिथेच बसली. धाकटा तिच्याशेजारी झोपला. शेवटी त्याला खांद्यावर घेऊन आम्ही आलो तसे मागे फिरलो. तीन तास दहा मिनिटं लागली.

पांढरं झाड राहिलंच. आईचं परतीचं तिकीट पुढच्या महिन्यातलं आहे आणि ती रोज विचारते. आपल्यापैकी कोणी ते पाहिलं असेल, तर नेमकं कुठे आहे तेवढं कृपया कळवा. शक्यतो पार्किंगपासून पन्नास पावलांच्या आत असेल तर.