रजेवर गेलेल्या अकरा टक्क्यांस अनावृत पत्र

श्रीयुत कापूस आयातशुल्क (टक्के अकरा) यांस,


रजा वाढल्याबद्दल अभिनंदन! 19 ऑगस्ट 2025 ला गेलात तेव्हा 30 सप्टेंबरला परतणार होतात. मग तारीख 31 डिसेंबर 2025 झाली. आमच्या यवतमाळकडे दसरा-दिवाळीला कापूस घरात येतो. नेमका तोच मुहूर्त साधलात. अमेरिकेने भारतीय कपड्यावर 50 टक्के लावले, गिरण्यांना स्वस्त रुई हवी झाली आणि आपण शून्य झालात. मार तिकडचा, वळ आमच्या पाठीवर.

आम्हाला वाऱ्यावर सोडलं असं मात्र कुणी म्हणू नये. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये हमीभाव ठरला. त्यासाठी अ‍ॅप, आधार, सातबारा, पीकपेरा, मग तारीख. सगळं केलं. गेल्या आठवड्यात टेम्पो भरून सरकारी खरेदी केंद्रावर पोचलो, तर तिथे आपले थोरले बंधू बसलेले. बारा टक्के, ओलाव्याचे! यंत्र कापसात खुपसलं, आकडा आला 12.8. गाडी परत.

अहो, यंदा दिवाळीपर्यंत पाऊस हटला नाही. पऱ्हाटीवर भिजलेला कापूस ओसरीत पसरला, रोज खालीवर केला, माणसं अंगणात निजली. तरी आठ टक्क्यांपुढे भावाला कात्री आणि बारापुढे दार बंद. आपण अकराच्या अकरा टक्के एका अधिसूचनेसरशी उठून गेलात; यांना एक टक्का सरकवायला दिल्लीत शाई संपली? परदेशी गाठ बंदरात उतरते तेव्हा तिचा सातबारा कोण मागतो?

परतीचं भाडं परवडेना, म्हणून वाटेतल्या व्यापाऱ्याला माल घातला. हमीभावाहून हजार रुपये कमी. त्याने ओलावा मोजलाच नाही. माझी अडचण मोजली.

तुमच्यावर तरी किती रागवायचं? 2021 च्या अर्थसंकल्पात जन्मलात, निम्मं अंग शेतीच्या नावाच्या उपकराचं. 2022 मध्ये पहिल्यांदा घराबाहेर काढलं, 2025 मध्ये पुन्हा. शेतकऱ्याचे कैवारी म्हणून मिरवायचं आणि गिरण्यांनी हाक दिली की ओट्यावर बसवायचं. तुमची-आमची गत एकच.

1 जानेवारी 2026 ला कामावर याल. रुई चढेल म्हणतात. चढू दे. तोवर बँक, कृषी केंद्र आणि वेचणीची मजुरी भागवायला आम्ही घरं रिकामी केलेली असतील. तुम्ही राखण कराल ती व्यापाऱ्याच्या गोदामाची.

आपला,
एक कापूसवाला