मार्थाबाईंची बाजू

वसईकर बायकांना हल्ली देवासाठी वेळ नाही, असं कोणी म्हणालं की मी त्याला सकाळची चर्चगेट लोकल सुचवते. लेडीज डब्यात एका टोकाला विरारचं भजनी मंडळ टाळ कुटत असतं आणि दुसऱ्या टोकाला आमची रोझरी चालू असते. पाच दशकं, त्रेपन्न ‘नमो मरिया’, वसई रोडला सुरू केली की बोरिवलीपर्यंत उरकते. सोमवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी भरलं की मात्र कुठल्याही वारी दुःखाचीच. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं वाढवली, तेव्हा आमच्या डब्यात जरा घबराट पसरली होती. ती गुरुवारी, बाकीच्यांच्या जागी म्हणायची आहेत हे कळल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दादर यायच्या आत बसायलाही मिळायला हवं ना!

कारण ही प्रार्थना उभ्याने चालते आणि जागेची बोलणीही तिच्यातच होतात. मणी बोटात धरलेला, ओठ हलतायत, तेवढ्यात नुसती भुवई उडवून समोरच्या बाईला ‘कुठे?’ असं विचारायचं. ती ‘अंधेरी’ म्हणाली की मान हलवून जागा पक्की करायची आणि मणी पुढे सरकवायचा. आमच्या ग्रुपमधल्या एक मावशी ‘आमेन’ आणि ‘ही सीट माझी सांगितलेली आहे’ हे एका श्वासात म्हणतात. देवाला दोन्ही ऐकू जात असणार. अंधेरीला मावशी बसतात, म्हणून म्हणते.

उपवासकाळात तर घरचा हिशेब बँकेच्या हिशेबापेक्षा अवघड होतो. राख बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या माणसाने दिवसाला एकच पूर्ण जेवण घ्यायचं, असा नियम आहे. सासूबाईंना वयामुळे सूट, पण त्या पेजेवर दिवस काढतात. ज्यांना सूट नाही ते आमचे हे, दुपारी मला ऑफिसात फोन करून विचारतात, ‘एक पूर्ण जेवण म्हणजे भात कितीदा घेतलेला चालतो?’ शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. मटण सोडून पापलेट खाणं याला वसईत त्याग म्हणायचं असेल तर आमच्याइतके त्यागी लोक जगात नाहीत. त्यातून खरा त्याग घडतो तो पापलेटचे भाव विचारताना. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, ही सोय ज्याने केली त्याच्या घरी रविवारी सकाळी बाजारात जायची पाळी नक्की बाईवर असणार.

संत गोन्सालो गार्सिया आमच्याच गावचे. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मेले, १८६२ साली संत झाले. फ्रान्सिस्कन ब्रदर होण्याआधी ते व्यापारी होते. प्रवचनात हा भाग अर्ध्या वाक्यात संपतो आणि नेमकं तेच मला ऐकायचं असतं. माल उतरवून घेताना, उधारी मागताना हा माणूस प्रार्थना कधी करत होता? क्रुसावर जाण्याची पाळी माझ्यावर येईल असं वाटत नाही. मार्च अखेर मात्र दर वर्षी येते, आणि बहुतेकदा पवित्र आठवड्याच्या आसपासच येते.

सगळ्यात राग येतो तो मार्थेच्या रविवारी. दर तीन वर्षांनी जुलैत लूकच्या शुभवर्तमानातला तो उतारा वाचला जातो. येशू दोघी बहिणींकडे येतो, मरिया पायाशी बसून ऐकते, मार्था एकटी राबते, वैतागून तक्रार करते आणि निकाल मरियेच्या बाजूने लागतो. मग प्रवचन : आपण सगळे मार्था झालो आहोत, मरिया व्हायला शिका. ते संपलं की महिला मंडळाला निरोप येतो, ‘मिस्सेनंतर हॉलमध्ये दीडशे माणसांचा चहा आहे.’ दीडशे मरियांचा!

याच मार्थेबद्दल योहान काय लिहितो ते कोणी सांगत नाही. भाऊ लाझरस मेला, येशू चार दिवस उशिरा पोचला, तेव्हा मरिया घरात बसून राहिली. मार्था उठून रस्त्यावर सामोरी गेली, तू वेळेवर आला असतास तर ही वेळ आली नसती असं तिने तोंडावर सुनावलं, आणि तूच ख्रिस्त आहेस अशी कबुलीही तिथेच दिली. अशीच कबुली देणाऱ्या पेत्राला स्वर्गाच्या किल्ल्या मिळाल्या. मार्था पुढच्याच अध्यायात पुन्हा पंगतीला वाढताना दिसते. मरिया तिथेही पायाशीच, या खेपेला अत्तर घेऊन. वाढणारीला या वेळी कोणी बोल लावत नाही, हीच तिची पदोन्नती.

२९ जुलैला मार्थेचा सण असतो. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यात मरिया आणि लाझरस यांनाही घेतलं. वर्षाचा एक दिवस बाईच्या नावावर होता, तोही भावंडांत वाटला गेला. त्याबद्दल तक्रार नाही, आमच्याकडे सातबाऱ्याचं असंच होतं.

तर फादर, एक विनंती. हा उतारा आता २०२८ च्या जुलैत येईल. त्या रविवारी योहानाचा अकरावा अध्यायही प्रवचनात घ्या, आणि दीडशे कप चहा पुरुष मंडळीकडे सोपवा. साखरेच्या डब्यावर चिठ्ठी मी चिकटवून ठेवते.